पोत्यातला समुद्र

समुद्राला घाबरून कोणी पळत सुटलं, तर पळून पळून दमल्यावर ते जिथे बसेल तिथे आमचा भंडारा जिल्हा आहे. आमच्याकडे तलाव आहेत, वैनगंगा आहे, धानाच्या बांध्या आहेत. रेतीही भरपूर आहे, पण ती किल्ले बांधायला नसून ट्रकात भरून परक्या जिल्ह्यात पाठवायला आहे. लाट आम्ही फक्त निवडणुकीत पाहतो. अशा जिल्ह्यात, अड्याळजवळच्या आमच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या एका सरांनी आपला जन्म समुद्री शिंपल्यांच्या एका कुळाला वाहून टाकला होता. त्या कुळाचं नाव व्हेनेरिडी. सरांनी ते आम्हाला इतक्या वेळा ऐकवलं होतं, की पानटपरीवालासुद्धा ते न अडखळता म्हणायचा.

सरांनी समुद्र पाहिलेला नव्हता. हे मी त्यांची निंदा म्हणून सांगत नाही. ते स्वतःच अभिमानाने सांगत. मी त्याच कॉलेजात मराठी शिकवायचो आणि स्टाफरूममध्ये माझी खुर्ची त्यांच्या खुर्चीला लागून होती, त्यामुळे सगळं ऐकण्याचा मान मला मिळे. एकदा मी विचारलंच, "सर, एकदा रत्नागिरीले जाऊन या न. हे जीव जित्ते पाहून या."

"काहून?" सर म्हणाले. "तुम्ही वाघावर कविता शिकवता. वाघाच्या तोंडात जाऊन आले का?"

पवनीच्या जंगलात वाघ आहेत आणि मी त्यांना भेटायला गेलेलो नाही, हे खरं असल्यामुळे मी वह्या तपासायला घेतल्या.

मग हेच कुळ का? त्याचं कारण प्रेमाचं नव्हतं, वाळवीचं होतं. नागपूरला शिकत असताना वाचनालयात त्यांना एक जाडजूड पुस्तक मिळालं. वाळवीने ते आधीच मन लावून वाचलेलं होतं. सगळी प्रकरणं फस्त झाली होती, फक्त व्हेनेरिडीचं तेवढं वाळवीला पचलं नसावं. सरांनी ते प्रकरण पाठ केलं. पुस्तकाची बाकीची पानं शाबूत असती, तर सर कदाचित माशांचे किंवा खेकड्यांचे झाले असते. आपल्याकडे पुष्कळांची विद्वत्ता अशीच ठरते, फरक इतकाच की इतर लोक वाळवीचे आभार मानत नाहीत.

पुस्तक झालं, पण शिंपले कुठून आणायचे? प्रयोगशाळेतल्या बरणीवर समुद्री शिंपल्याची चिठ्ठी होती आणि बरणीत तळाला थोडा गाळ होता. अर्क उडून गेला होता आणि प्राणीही त्याच्यासोबत गेला असावा. सरांचा प्रश्न सुटला तो कोंबड्यांमुळे. सर ज्यांच्याकडे भाड्याने राहत, त्या दादाजींची कोंढ्याच्या रस्त्यावर पोल्ट्री होती. अंडी देणाऱ्या कोंबडीला चुना लागतो, नाहीतर अंड्याचं कवच पापडासारखं होतं. म्हणून खाद्यात मिसळायला समुद्राकाठचे शिंपले पोत्यांत भरून येतात. पहिलं पोतं फोडताना सर योगायोगाने तिथे होते. त्यांनी हात घातला आणि मूठभर समुद्र बाहेर काढला. त्यानंतर पोत्यांची गाडी आली, की सर रविवारची झोप सोडून पोल्ट्रीत उकिडवे बसलेले दिसत. कोंबड्या एकीकडून टोचत आणि सर दुसरीकडून वेचत. दादाजी म्हणत, "सर, तुम्ही माह्या कोंबड्याईच्या तोंडचा घास काढून राहिले. अंडे नाही दिले तं तुम्हाले बसवीन खुराड्यात."

वेचलेले शिंपले सरांनी प्रयोगशाळेतल्या काचेच्या कपाटात जातवार मांडले होते. आमच्या गावात मांडणी म्हटली की ती जातवारच असते, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही.

वर्गात मात्र सर बहरत. एक शिंपला हातात धरून, सोनार दागिना दाखवतो तसा तो फिरवत. वरच्या कंगोऱ्यांच्या रेघा, त्या जिथून निघतात तो पुढे झुकलेला टोकदार उंचवटा, त्याच्या मागे दोन्ही शिंपल्या जोडणारी चिवट पट्टी. आतल्या बाजूला दोन स्नायूंचे दोन डाग. खाली रेतीत रुतून बसायला कुऱ्हाडीच्या पात्यासारखा पाय, आणि वर पाण्यापर्यंत पोचणाऱ्या दोन नळ्या. एकीने पाणी आत घ्यायचं, त्यातलं खाणं गाळून ठेवायचं, दुसरीने पाणी बाहेर सोडायचं. उथळ पाणी, रेती नाहीतर चिखल, एवढं मिळालं की हा जीव समाधानी असतो.

"सर, डोकं कुठी राह्यते?" एका पोरीने विचारलं.

"या प्राण्याले डोकं नसते."

"मंग जगते कसं?"

"मस्त जगते," सर म्हणाले. "कोणाले काही विचारत नाही, कोणाचं ऐकत नाही, बसल्या जागी खाते." नेमके त्याच वेळी प्राचार्य व्हरांड्यातून चालले होते. त्यांनी ते स्वतःवर घेतलं. शास्त्र असं कधीकधी फार अचूक ठरतं.

पण सरांचा खरा मंत्र वेगळा होता. शिंपल्याचं कुळ वरून ओळखता येत नाही, असं ते घोकून घ्यायचे. रंग फसवतो, आकार फसवतो, नक्षी फसवते. उघडून आत बिजागरीशी असलेले दात पाहावे लागतात. या कुळात प्रत्येक शिंपलीला तिथे तीन मुख्य दात, आणि आतल्या कडेजवळच्या रेघेला मागच्या बाजूला जिभेसारखी एक खाच. ती खाच म्हणजे नळ्या आत ओढून घेण्याची जागा. खाच जितकी खोल, तितका तो जीव रेतीत खोल दडून राहणारा.

आता आमच्या अड्याळच्या मातीत, माणसाचं कुळ न विचारता त्याला पाणी दिलं तर देणाऱ्याला ठसका लागतो. मला दादाजींनी कधी विचारलं नाही, कारण ते माझ्या आजोबांनाही ओळखत होते. सर गोंदियाकडचे. त्यांचं आडनाव असं, की ते दोन-तीन समाजांत सापडतं. दादाजींची झोप उडाली. खोली देऊन बसले होते आणि भाडेकरूचं वर्गीकरण झालेलं नव्हतं. पहिल्याच महिन्यात त्यांनी सरांना माझ्यासमोर गाठलं.

"सर, आडनावावरून काही समजत नाही बापा. आपन कोन्या समाजाचे?"

"वरून समजतच नाही दादाजी," सर एकदम खुलले. "वरून पाहून कुळ सांगणारा माणूस अडाणी समजावा. दात पाहा लागते." आणि खिशातून शिंपला काढून त्यांनी दादाजींचा पूर्ण तास घेतला. दादाजी शेवटी "बरं बरं" म्हणत निघून गेले. सर भोळे होते म्हणून असं करत, की भोळे नव्हते म्हणून, ते मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही.

तेही काही कमी सोवळे नव्हते म्हणा. एकदा कारध्याच्या पोरांनी वैनगंगेतले शिंपले बादलीभर आणले. ताजे, जिवंत, उघडझाप करणारे. मला वाटलं सर नाचतील. सरांनी बादलीत डोकावून नाक मुरडलं. "हे गोड्या पाण्यातले. वेगळं कुळ. आतून चमकते. आपले चमकत नाहीत." पोरं म्हणाली, "सर, पन जित्ते हाय न." सर म्हणाले, "असन. आपला त्याईच्याशी संबंध नाही." बादली नदीत परत गेली. ज्याला कुळ विचारलेलं आवडत नव्हतं, तो माणूस शिंपल्यांच्या बाबतीत एवढा कडक होता.

दादाजींच्या घरून सरांना भाजीची वाटी येई. काकू, म्हणजे दादाजींच्या पत्नी, हाताच्या मोकळ्या. कधी वांग्याची भाजी, कधी मुगवड्या, सणाला करंज्या. पहिल्यांदा सरांनी वाटी धुऊन रिकामी परत दिली, तेव्हा काकू म्हणाल्या, "सर, रिकामं भांडं देत नाही कोनाले. साखरेचा दाना तरी टाकावा." एकट्या माणसाच्या घरात साखरेला मुंग्या लागलेल्या. सरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि वाटीत एक शिंपला घासून पुसून ठेवला. काकूंना तो आवडला. त्याच्या धारेने त्या कैऱ्या सोलू लागल्या. मग तोच रिवाज पडला. वाटी भाजी घेऊन यायची आणि शिंपला घेऊन जायची. एकाच जातीचे दोन सापडले की सर म्हणत, "एक कपाटाचा, एक काकूचा." काकूंकडे एका शिंपल्यात चुना, एकात हळद, एका खोलगट शिंपल्यात तुळशीपुढचा दिवा. व्हेनेरिडी कुळाचा असा संसार जगात दुसरीकडे कुठे लागला असेल असं मला वाटत नाही.

एका बुद्धपौर्णिमेला सरांना पांढऱ्या कपड्यांत विहारात बसलेलं कुणीतरी पाहिलं. सर काही लपवत नव्हते. विहार भर चौकात आहे आणि सर पहिल्या रांगेत होते. पण संध्याकाळपर्यंत गावाच्या सगळ्या नळ्यांतून पाणी आत जाऊन बाहेर पडलं होतं, आणि दादाजींचं वर्गीकरण एकदाचं पूर्ण झालं.

आता आमचं गाव सुधारलेलं आहे. इथे भेदभाव औषधालासुद्धा सापडायचा नाही. दादाजी पूर्वीइतकेच हसून बोलत, खोली रिकामी करा असं कुणी म्हटलं नाही, पोल्ट्रीची पोतीही उघडी होती. फक्त वाटी आली नाही. दुसऱ्या दिवशी आली नाही, पुढच्या आठवड्यात आली नाही, दिवाळीच्या करंज्यांचीही आली नाही. मी एकदा विषय काढला, तर सर म्हणाले, "काकूच्या हाताले दुखत असन." तेव्हा मला ती आतली खाच आठवली, आणि हा माणूस किती खोल जाऊन बसू शकतो याचा थोडा अंदाज आला. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटून मी चहा प्यायला गेलो. गावात राहायचं म्हणजे एवढंच वाईट वाटून चालतं.

पुढे कॉलेजात तपासणीला समिती येणार असं ठरलं. समिती येते तेव्हा आमच्याकडे भिंतींना रंग, बागेला कुंड्या आणि प्राध्यापकांना टाय फुटतात. प्राचार्यांनी प्रयोगशाळेत फेरी मारली, काचेचं कपाट पाहिलं आणि शिपायाला सांगितलं, "ते कोंबड्याचं खाद्य काढ तिथून. काही शोभिवंत ठेव." सर पेपर तपासायला नागपूरला गेले होते.

शिपाई आमचा प्रामाणिक. दुसऱ्या कुठल्या कॉलेजातल्या शिपायाने ते शिंपले उकिरड्यावर टाकले असते आणि मग ते वेचून तरी आणता आले असते. याने विचार केला, माल पोल्ट्रीचा, सरांनी उसना आणलेला, मालकाचा मालकाला पोचवावा. त्याने सगळे शिंपले पोत्यात भरले, सायकलवर घातले आणि दादाजींच्या पोल्ट्रीत नेऊन दिले. तिथल्या गड्याने मोठे मोठे शिंपले दिसले म्हणून रिवाजाप्रमाणे हातोड्याने कुटले आणि खाद्यात मिसळले. प्रत्येकाने आपापलं काम चोख केलं. आपल्या देशात एवढा चोखपणा एका वेळी क्वचितच जमतो.

सर परतले तेव्हा कपाटात प्लास्टिकची गुलाबं होती. ते विचारायच्या आत शिपाईच हौसेने सांगायला आला. "सर, मी सगडा माल दादाजीले वापस केला. एकही नाही ठेवला." सर त्याला रागावले नाहीत. मला म्हणाले, "गाडी काढता का?"

आम्ही पोल्ट्रीत पोचलो तेव्हा कोंबड्या जेवत होत्या. सर खाद्याच्या डबड्यांपाशी वाकून वाकून पाहत फिरले. कधी एखादा तुकडा उचलत, बोटाने पुसत, उलटा करून बघत. बिजागरीची बाजू जाड असते, ती कुटली तरी पुरती मोडत नाही. दोन-चार तुकड्यांवर तीन दात अजून दिसत होते. दादाजी धावत आले.

"सर, मले का मालूम! मले वाटलं पोरानं जुनं पोतं आनलं. मंगळवारी नवीन गाडी येऊन राहिली, पाह्यजे तेवढे घ्या न तुम्ही."

"हो," सर म्हणाले.

"शिपलेच तं होते सर."

सरांनी हातातला तुकडा खिशात घातला. "हो. शिपलेच होते."

परत येताना गाडीवर मागून ते एवढंच बोलले, की संस्थेचं दुसरं कॉलेज आहे तिकडे बदली मागणार, इथे आता शिकवायला काही उरलं नाही. वर्षानुवर्षं कोंबड्यांशी भांडून जमवलेलं कुळ होतं ते. मला रडू येईल असं वाटलं आणि रस्त्यावरच्या खड्ड्यांनी ते होऊ दिलं नाही. समिती आली, गुलाबं पाहून खूश झाली, आम्हाला बरा शेरा देऊन गेली. सर फळ्यावर शिंपला काढून शिकवत, तास झाला की पुसून टाकत.

बदलीचा अर्ज त्यांनी माझ्याकडून मराठीत लिहून घेतला. सही राहिली होती. त्या संध्याकाळी मी त्यांच्या खोलीवर बसलो होतो, आणि दारात काकू आल्या. स्वतः आल्या. हातात वाटी नव्हती, चांगला मोठा गंज, म्हणजे पातेलं होतं, वर ताटली झाकलेली.

"सर, पोरीजवळ पाठवनार होती," काकू म्हणाल्या, "मंग म्हटलं आपनच जावं." गंज खाली ठेवला आणि उंबऱ्याशीच उभ्या राहिल्या. "हे तुमचेच होत. पाहा, काही कामी येते का." आणि आम्ही काही म्हणायच्या आत परत फिरल्या. पायरीवरून म्हणाल्या, "हाताले काही दुखत नव्हतं माह्या. झूट नाही बोलत." मी खिडकीबाहेर पाहू लागलो, कारण ते वाक्य त्यांच्यापर्यंत कोणी पोचवलं असेल हे मला ठाऊक होतं. स्टाफरूमलाही दोन नळ्या असतात.

ताटलीखाली शिंपले होते. चुन्याने पांढरे झालेले, हळदीने पिवळे, दिव्याच्या काजळीने काळे, कैऱ्या सोलून धार बोथट झालेले. सरांनी ते खाटेवर ओतले. एकेक उचलून उलटा करायचा, दात पाहायचे, बाजूला मांडायचा. मी दिवा लावला, चहा केला, तो गार झाला. खाटेभर मांडामांड झाली तेव्हा ते म्हणाले,

"कुळ जवळपास पुरं आहे."

दर जातीतला एक काकूला, असं करत करत कपाटाची दुसरी प्रत चुलीजवळ तयार झाली होती. मला आनंदाने हसू फुटलं. सर हसले नाहीत. ते रिकाम्या गंजाकडे पाहत होते.

"हा परत कसा द्यायचा?" ते म्हणाले.

"साखर टाका न चिमूटभर," मी घाईघाईने म्हटलं. "नाहीतर नेहमीसारखा एखादा शिंपला."

"नाही," सर म्हणाले. "आज भाजी."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की एवढी वर्षं त्या घरातलं अन्न या खोलीत आलं, पण या खोलीतलं अन्न त्या घरात कधी गेलं नव्हतं. शिंपल्यांनी सगळ्यांची सोय करून ठेवली होती. सरांच्या हातचं खायचं की नाही, हा प्रश्न कुणाला कधी पडलाच नव्हता. आता तो गंजात घालून सर दारात नेऊन ठेवणार होते. मी म्हटलं, "सर, राहू द्या. घेतील आणि मागच्या दारी टाकून देतील. तुम्हाला समजायचंही नाही."

"समजन," सर म्हणाले आणि वांगी चिरायला बसले.

त्यांना स्वयंपाक येत होता असं म्हणणं म्हणजे मला पोहता येतं असं म्हणणं. वांग्याचा गंज भरला, सरांनी स्वतः नेऊन दिला, काकूंनी घेतला, दार लागलं. अर्ज टेबलावर बिनसहीचा पडला होता. सर म्हणाले, "उद्या पाहू."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पानटपरीपाशी उभे होतो. कॉलेज भरायची वेळ, पोरं होती, शिपाई होता, प्राचार्य गाडीतून उतरत होते. मोटारसायकलवर अंड्यांचे ट्रे बांधून दादाजी आले. आमच्यासमोर थांबले. गाडी बंद केली, जे ते एरवी पेट्रोल भरतानाही करत नसत. सरांच्या हातात तो बिनसहीचा अर्ज होता.

"सर," दादाजी म्हणाले, आणि आवाज असा की चौकातल्या विहारापर्यंत जावा, "काल तुमच्या भाजीत मीठ लय झालं होतं."

टपरीवाल्याचा चुन्याचा हात तसाच राहिला. प्राचार्यांनी गाडीचं दार उघडं ठेवलं. मिठाचा अर्थ तिथल्या प्रत्येकाला समजला. टाकून दिलेल्या भाजीचं मीठ कुणाला कळत नाही.

सरांनी अर्ज घडी करून खिशात घातला. मग वर्गातल्या आवाजात म्हणाले, "खाऱ्या पाण्यातलं कुळ आहे न, दादाजी. आमच्याकडं मीठ जास्तच राह्यते."

"असन," दादाजींनी गाडीला किक मारली. "आमी गोड्या पान्यातले. पुढच्या खेपेले कमी टाकजा."